वाचकांचे प्रश्न : महायुद्धाचा अभ्यास करावा कसा?

पहिल्या महायुद्धाविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांतून पुढील प्रश्न निवडले आहेत. लांबलेल्या पत्रांतील मुख्य मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : परीक्षेत महायुद्धाची कारणे म्हणून आम्ही लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद आणि आक्रमक राष्ट्रवाद असे चार मुद्दे लिहितो आणि तात्कालिक कारण म्हणून साराजेव्होचा खून सांगतो. गुण मिळतात, पण समाधान होत नाही. तो खून झाला नसता, तर युद्ध टळले असते का?

उत्तर : आपले समाधान होत नाही, हे योग्यच आहे. त्या चार मुद्द्यांत चूक काही नाही, परंतु त्यांतून युद्ध का पेटू शकत होते एवढेच कळते. ते १९१४ च्या उन्हाळ्यातच का पेटले, हे कळत नाही. हे चारही घटक १९०५-०६ आणि १९११ च्या मोरोक्को प्रकरणांत हजर होते, ऑस्ट्रिया-हंगेरीने १९०८ मध्ये बोस्निया-हर्झेगोविना आपल्या राज्याला जोडला तेव्हा हजर होते आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांच्या वेळीही हजर होते. प्रत्येक वेळी कोणीतरी माघार घेतली किंवा राजदूतांची बैठक बसली आणि महासत्तांमधले युद्ध टळले. तेव्हा अभ्यासकाने विचारायचे ते हे की, या वेळी माघारीच्या वाटा कशा बंद झाल्या आणि त्या कोणी बंद केल्या.

त्यासाठी २८ जून ते ४ ऑगस्ट हे पाच आठवडे तारीखवार वाचावे लागतात. आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांचा खून २८ जूनला झाला, पण ऑस्ट्रियाचा निर्वाणीचा खलिता बेलग्रेडमध्ये सर्बियाच्या हाती पडला तो २३ जुलैच्या संध्याकाळी सहा वाजता. मधले दिवस कशात गेले, हे पाहण्यासारखे आहे. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याने ५ जुलैलाच पॉट्सडॅममध्ये ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंब्याचा शब्द दिला होता. परंतु हंगेरीचे पंतप्रधान टिसा १४ जुलैपर्यंत युद्धाला राजी नव्हते, ऑस्ट्रियाचे पुष्कळ सैनिक सुगीच्या रजेवर घरी गेले होते आणि फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे २० ते २३ जुलै या काळात रशियाच्या राजधानीत पाहुणे होते. प्वांकारे तेथून निघाल्यावरच खलिता द्यायचा, म्हणजे फ्रान्स आणि रशियाच्या नेत्यांना समोरासमोर बसून धोरण ठरवता येणार नाही, असा व्हिएन्नाचा हिशेब होता. सुगीची रजा आणि एका पाहुण्याच्या परतीची वेळ यांना चार मुद्द्यांच्या यादीत जागा नसते. घटनेच्या ओघात मात्र त्यांचे वजन मोठे ठरले.

खलित्याला ४८ तासांची मुदत होती. सर्बियाचे पंतप्रधान पाशिच २५ जुलैला मुदत संपण्याच्या काही मिनिटे आधी स्वतः उत्तर घेऊन ऑस्ट्रियाच्या वकिलातीत गेले. जवळजवळ सर्व अटींवर नमते घेणारे ते उत्तर होते. खुनाच्या चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी सर्बियाच्या भूमीवर भाग घेतील, ही अट तेवढी त्यांनी नाकारली होती. ऑस्ट्रियाचे राजदूत अर्ध्या तासात सामानसुमान घेऊन आगगाडीत बसले. कैसरने हे उत्तर वाचले २८ जुलैच्या सकाळी आणि आता युद्धाचे कारणच उरत नाही, अशा अर्थाचा शेरा त्याने त्यावर मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले.

यानंतर निर्णय राजकारण्यांच्या हातून सेनानींच्या वेळापत्रकाकडे सरकले. झार निकोलस दुसरा याने २९ जुलैला सार्वत्रिक सैन्य जमवाजमवीचा हुकूम दिला, कैसरची तार आल्यावर तो त्याच रात्री मागे घेतला आणि ३० जुलैला परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांच्या आग्रहाखातर पुन्हा दिला. रशियाला सैन्य उभे करायला वेळ लागेल, तोवर पश्चिमेकडे बेल्जियममधून घुसून फ्रान्सचा निकाल लावायचा, अशी जर्मनीची एकमेव योजना होती. त्यामुळे रशियाची जमवाजमव सुरू होताच जर्मनीच्या दृष्टीने घड्याळ चालू झाले. १ ऑगस्टला ब्रिटन तटस्थ राहण्याची चिन्हे आहेत असे वाटून कैसरने सगळे सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितले, तेव्हा लाखो सैनिकांची मांडणी आयत्या वेळी बदलता येत नाही, असे सरसेनापती मोल्टके यांनी त्याला सुनावले. सम्राटाला स्वतःच्याच सैन्याची दिशा बदलता येऊ नये, ही गोष्ट लष्करवादावरील पानभर मजकुरापेक्षा अधिक सांगून जाते.

करारांचेही तसेच. करारांमुळे एकामागून एक देश आपोआप ओढले गेले, हे वाक्य आपण सर्वांनी लिहिलेले असते. इटली आणि रुमानिया हे दोघेही कराराने जर्मनी व ऑस्ट्रियाच्या बाजूचे होते. १९१४ मध्ये दोघेही तटस्थ राहिले आणि पुढे, इटली मे १९१५ मध्ये व रुमानिया ऑगस्ट १९१६ मध्ये, समोरच्या बाजूने लढले. ब्रिटनवर फ्रान्सच्या मदतीला जाण्याचे कराराचे बंधन नव्हते. बेल्जियमच्या तटस्थतेचा १८३९ चा करार होता, पण तो मोडला गेल्यास प्रत्यक्ष युद्धात उतरायचे की नाही यावर लंडनच्या मंत्रिमंडळात २ ऑगस्टपर्यंत खल चालू होता. कराराचा कागद पाळायचा की गुंडाळून ठेवायचा, हे प्रत्येक सरकारने स्वतः ठरवले.

आता आपला मूळ प्रश्न. खून झाला नसता, तर १९१४ च्या उन्हाळ्यातले युद्ध बहुधा टळले असते, असे माझे मत आहे. त्याचे एक कारण सहसा सांगितले जात नाही. सर्बियावर चाल करून जावे, असा ऑस्ट्रियाचे सरसेनापती कॉनराड यांचा कित्येक वर्षांचा धोशा होता आणि दरबारात त्यांना आवरणारा सर्वांत वजनदार माणूस फ्रान्झ फर्डिनांड हाच होता. गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या तरुणाने युद्धाला निमित्त दिले आणि त्याच गोळीने युद्धाला 'नको' म्हणणारा माणूसही नाहीसा केला. यापुढे, म्हणजे १९१६ किंवा १९१८ मध्ये दुसऱ्या एखाद्या निमित्ताने युद्ध झालेच असते का, याबद्दल पैज लावावी. इतिहास लिहू नये.

प्रश्न : युद्धाला जर्मनी जबाबदार होती की सगळेच? एका पुस्तकात एक वाचावे, तर दुसऱ्यात नेमके उलटे असते. विश्वास कोणावर ठेवायचा?

उत्तर : पुस्तक केव्हा लिहिले गेले आणि तोपर्यंत कोणते कागद उघड झाले होते, हे आधी पाहावे. निम्मा गोंधळ तेथेच मिटतो.

युद्ध सुरू होताच प्रत्येक सरकारने आपापल्या निवडक कागदपत्रांची पुस्तके छापली आणि त्यांत सोयीची काटछाट केली. फ्रान्सच्या पुस्तकातले उदाहरण प्रसिद्ध आहे. रशियातील फ्रेंच राजदूत पॅलेओलोग यांनी रशियाच्या जमवाजमवीची एक त्रोटक तार पॅरिसला पाठवली होती. छापताना तिच्यात मजकूर घालण्यात आला, तो असा की, ऑस्ट्रियाने आधी सार्वत्रिक जमवाजमव केली आणि जर्मनी गुप्तपणे तयारी करत होती, म्हणून रशियाला हे पाऊल उचलावे लागले. वास्तविक रशियाचा हुकूम ३० जुलैचा आणि ऑस्ट्रियाचा ३१ जुलैचा. एका दिवसाची अदलाबदल केली की, आक्रमक आणि बचाव करणारा यांच्या जागाही बदलतात. तारखा पाठ करून काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

युद्धानंतर जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने १९२२ ते १९२७ या काळात जुन्या कागदपत्रांचे चाळीस खंड छापले. इतरांच्या आधी आणि इतके विपुल साहित्य हाती आल्यामुळे जगभरचे अभ्यासक तेच वापरू लागले आणि दोष सर्वांचा सारखाच होता, या मताला बळ मिळाले. पुढे १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच जर्मन दफ्तरातील कागदांच्या आधारे आपल्या देशाच्या विस्ताराच्या महत्त्वाकांक्षेवर बोट ठेवले, तेव्हा जर्मनीत वादळ उठले. त्याच्या पुराव्यांपैकी एक म्हणजे चान्सलर बेथमान-होलवेग यांच्या कार्यालयातील ९ सप्टेंबर १९१४ चे टिपण. बेल्जियमला अंकित करावे, फ्रान्सच्या लोहखनिजाचा प्रदेश घ्यावा, मध्य युरोपात जर्मनीच्या वर्चस्वाखाली जकातसंघ उभारावा, असे त्यात लिहिले आहे. कागद अस्सल आहे. परंतु तो युद्ध पेटल्यावर पाच आठवड्यांनी तयार झाला, पॅरिस आता पडणार असे वाटत असताना. विजय दृष्टिपथात आल्यावर सुचलेल्या मागण्या हे युद्ध सुरू करण्याचे कारण होते काय, हा प्रश्न तो कागद स्वतः सोडवत नाही.

माझे मत विचाराल, तर व्हिएन्ना आणि बर्लिन यांचा वाटा सर्वांत मोठा. सर्बियाशी मर्यादित युद्ध व्हावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ते पसरण्याचा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला. तथापि रशियाने आणि फ्रान्सने तो धोका कमी करण्यासाठी फारसे काही केले नाही, हेही त्याच कागदांतून दिसते.

प्रश्न : कारणे आणि परिणाम समजून घेतले की, मधल्या लढायांचा तपशील नसला तरी चालेल, असे आमचे शिक्षक म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : आपल्या शिक्षकांचा अनादर न करता सांगतो, मला नेमके याच्या उलट वाटते. या युद्धाचे बहुतेक मोठे परिणाम त्याच्या कारणांतून निघालेले नाहीत. ते युद्ध लांबल्यामुळे झाले. जुलै १९१४ मध्ये कोणत्याही सरकारला रशियात क्रांती व्हावी, स्वतंत्र पोलंड जन्मावा किंवा ऑटोमन साम्राज्याचे प्रांत ब्रिटन आणि फ्रान्सने वाटून घ्यावेत म्हणून युद्ध करायचे नव्हते. युद्ध सहा महिन्यांत संपले असते, तर यांपैकी बहुतेक गोष्टी घडल्या नसत्या. म्हणून ते का लांबले, हे समजल्याशिवाय परिणामांचा धडा म्हणजे नुसती यादी उरते.

ते लांबण्याचे मुख्य कारण यांत्रिक आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्नच्या लढाईत जर्मन सैन्य पॅरिसच्या अलीकडे अडले आणि वर्षअखेरीस उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदकांची सलग रेषा तयार झाली. या रेषेला बगल नव्हती, म्हणून समोरून धडक देण्यावाचून मार्ग नव्हता. धडक यशस्वी होऊन पहिले खंदक हाती आले, तरी पुढे अडचण येई. हल्ला करणारा सैनिक तोफगोळ्यांनी उखणलेल्या चिखलातून पायी पुढे जाई आणि त्याच्या तोफा मागे अडकून पडत; बचाव करणारा मात्र पाठीमागच्या शाबूत रेल्वेमार्गावरून ताज्या पलटणी आणून भगदाड बुजवून टाकी. मशीनगन आणि काटेरी तारा यांच्याविषयी सर्वांनी वाचलेले असते, पण रेल्वे आणि पाय यांच्या वेगातला हा फरक लक्षात आला की, सेनापती मूर्ख होते म्हणून माणसे मेली, या सोप्या निष्कर्षावर थांबता येत नाही.

सोमची लढाई घ्या. १ जुलै १९१६ च्या हल्ल्याआधी ब्रिटिश तोफखान्याने आठवडाभर पंधरा लाखांहून अधिक गोळे डागले. गोळे पुष्कळ होते, पण त्यांतले बरेच फुटलेच नाहीत आणि छर्‍यांच्या गोळ्यांनी तारा नीट तुटल्या नाहीत. जर्मन सैनिक जमिनीखाली खोलवर खोदलेल्या तळघरांत बसून होते. मारा थांबताच ते वर आले. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची ५७,४७० माणसे कामी आली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्यांतली १९,२४० मेली.

त्याच वर्षी व्हर्दंला चाललेली लढाई वेगळ्या अंगाने वाचण्याजोगी आहे. तेथे जाणारे मुख्य रेल्वेमार्ग जर्मनांच्या माऱ्यात होते. फ्रेंचांकडे उरली होती एक अरुंद रेल्वे आणि बार-ल-द्युक गावापासून येणारा सुमारे सत्तर किलोमीटरचा एक रस्ता. ऐन धामधुमीत त्या रस्त्यावरून साधारण दर चौदा सेकंदांना एक मोटारलॉरी जात असे. बंद पडलेली गाडी दुरुस्तीसाठी थांबवायची नाही, सरळ रस्त्याच्या कडेला ढकलून द्यायची, असा नियम होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले कामगार चालत्या चाकांखाली फावड्याने खडी टाकत राहत. फेब्रुवारी ते डिसेंबर व्हर्दं टिकले ते तटबंदीइतकेच या खडीवर.

रणांगणावर निकाल लागेना, तेव्हा युद्ध कारखान्यांत आणि शेतांत शिरले. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीला चिलीचे सोरामीठ मिळेनासे झाले. स्फोटकांना नायट्रोजन लागतो, तसाच तो खतांनाही लागतो. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची फ्रिट्झ हाबर यांची पद्धत कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये ओपाऊच्या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर आणली नसती, तर जर्मनीचा दारूगोळा फार काळ पुरला नसता. तो पुरला, पण खत आणि अन्न पुरले नाही. १९१६-१७ च्या हिवाळ्यात बटाट्याचे पीक बुडाले आणि जर्मन जनतेने एरवी जनावरांना घालायच्या सलगमावर दिवस काढले. या कोंडीतून सुटण्यासाठी जानेवारी १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुड्यांना कोणतेही जहाज बुडवण्याची मुभा देण्याचे ठरवले. महिन्याला सहा लाख टन जहाजे बुडवली की, ब्रिटन पाच महिन्यांत शरण येईल, असे नौदलाचे गणित होते. एप्रिलमध्ये साडेआठ लाख टनांच्या आसपास जहाजे बुडालीही, म्हणजे गणिताचा तेवढा भाग बरोबर आला. पण त्याच महिन्याच्या ६ तारखेला अमेरिका युद्धात उतरली, आणि जहाजांचे ताफे युद्धनौकांच्या पहाऱ्यात नेण्याची पद्धत सुरू झाल्यावर ब्रिटन तगले. नाकेबंदी, उपासमार, पाणबुडी, अमेरिका ही साखळी युद्धाच्या ओघात तयार झाली. ती 'कारणे' या मथळ्याखाली सापडणार नाही आणि 'परिणाम' या मथळ्याखालीही नाही.

प्रश्न : युरोपातल्या सत्तांच्या भांडणाला 'जागतिक' युद्ध म्हणणे ही अतिशयोक्ती नाही का?

उत्तर : नाही. जपानने नोव्हेंबर १९१४ मध्ये चीनमधील जर्मनीचे त्सिंगताव बंदर घेतले. चीनने सुमारे एक लाख चाळीस हजार मजूर पश्चिम आघाडीच्या पिछाडीला पाठवले, आणि तरीही युद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात शांतुंग प्रांतातील जर्मन हक्क जपानला मिळाले, तेव्हा मे १९१९ मध्ये पेकिंगच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या निदर्शनांतून आधुनिक चीनच्या राजकारणाला नवे वळण लागले. पूर्व आफ्रिकेत जर्मन सेनापती लेट्टो-फोरबेक याने शरणागती पत्करली ती २५ नोव्हेंबर १९१८ रोजी, युरोपातील शस्त्रसंधीला दोन आठवडे उलटल्यावर. त्या मोहिमेत डोक्यावरून ओझी वाहताना रोगराईने आणि उपासाने मेलेल्या आफ्रिकी हमालांची संख्या लढून मेलेल्या सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त होती.

भारतातून सुमारे तेरा लाख माणसे या युद्धात गेली. त्यांतली चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आली नाहीत. मार्च १९१५ ची न्यव्ह शापेलची लढाई आणि मेसोपोटेमियातील कूतचा वेढा, जेथे २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांची फौज शरण गेली, ही त्यांतली ठळक नावे. या सैनिकांची पत्रे अभ्यासकाने अवश्य वाचावीत. फ्रान्समधून जाणारे प्रत्येक पत्र लष्करी तपासनीस उघडत असल्यामुळे सैनिक आडवळणाने लिहीत. काळी मिरी आणि लाल मिरची यांविषयी मसाल्याच्या व्यापाऱ्याने लिहावे तसे ते लिहीत. त्यांतली काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे. तपासनिसांना हे बहुतेक कळत होते, कारण या पत्रांचे जे उतारे आज उपलब्ध आहेत, ते त्यांनीच भाषांतर करून आपल्या अहवालांना जोडलेले आहेत. नियंत्रणाचा कागद आणि सैनिकाच्या मनाचा पुरावा, दोन्ही एकाच पानावर मिळण्याचे भाग्य इतिहासात क्वचित लाभते.

प्रश्न : व्हर्सायच्या अपमानास्पद तहामुळे हिटलर आला आणि दुसरे महायुद्ध झाले, असे सर्रास म्हटले जाते. हे कितपत बरोबर आहे?

उत्तर : अर्धे बरोबर आहे, आणि ज्या अर्ध्यावर लोक भर देतात ते अर्धे कच्चे आहे.

२८ जून १९१९ च्या या तहाने जर्मनीचा सुमारे तेरा टक्के प्रदेश आणि दहा टक्के लोकसंख्या गेली, सैन्यावर एक लाखाची मर्यादा आली आणि कलम २३१ नुसार युद्धातील हानीची जबाबदारी तिच्यावर आली. त्या कलमाचा उद्देश नुकसानभरपाईला कायदेशीर आधार देणे हा होता, आणि तशीच कलमे ऑस्ट्रिया व हंगेरीच्या तहांतही होती. त्यांच्यावर मात्र कोणी एवढा गदारोळ केला नाही. भरपाईची रक्कम १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरली, पण तिच्यातील ८२ अब्जांचे रोखे अशा शर्तीवर बेतले होते की, ते वसूल व्हायचे नाहीत हे जाणकारांना ठाऊक होते. मोठा आकडा विजेत्या देशांतील मतदारांना दाखवण्यासाठी होता; दुर्दैवाने जर्मन मतदारांनीही तोच पाहिला. तुलनेसाठी मार्च १९१८ चा ब्रेस्त-लितोव्हस्कचा तह वाचावा. जर्मनीने पराभूत रशियाकडून पोलंड, बाल्टिक प्रदेश आणि युक्रेन काढून घेतले, त्यापुढे व्हर्साय सौम्य वाटते.

आता मतांचे आकडे पाहा. तहाला नऊ वर्षे होत आली असताना, १९२८ च्या निवडणुकीत, नाझी पक्षाला २.६ टक्के मते मिळाली. मधल्या काळात १९२३ मध्ये फ्रान्सने ऱ्हूर प्रदेश ताब्यात घेतला होता, मार्कचे मोल कागदाइतके उरले होते, आणि तरीही भरपाईचे हप्ते सोपे करणाऱ्या १९२४ च्या डॉज योजनेनंतर गाडी बरीचशी रुळावर आली होती. १९२९ ची जागतिक मंदी आली आणि सप्टेंबर १९३० मध्ये हाच पक्ष १८.३ टक्क्यांवर, तर जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर पोचला. तह तोच होता. बेकारी नवी होती. एवढेच नव्हे, तर भरपाईची देणी १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत जवळपास रद्दच झाली होती, आणि हिटलर सत्तेवर आला तो त्यानंतर. (त्या काळातील परदेशी रोख्यांच्या व्याजाचा शेवटचा हप्ता मात्र जर्मनीने ऑक्टोबर २०१० मध्ये फेडला.)

व्हर्सायपेक्षा युद्ध ज्या रीतीने संपले, ती रीत मला अधिक घातक वाटते, आणि येथे पुन्हा युद्धाच्या ओघाकडे जावे लागते. ऑगस्ट १९१८ पासून जर्मन आघाडी मोडू लागली. लुडेनडॉर्फ या सेनापतीनेच २९ सप्टेंबरला तातडीने शस्त्रसंधी मागण्याचा आग्रह धरला आणि ती मागण्याचे काम नव्याने आलेल्या नागरी सरकारवर ढकलले. काँपिएन्यच्या रानात ११ नोव्हेंबरला सही करणाऱ्या जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख माथियास एर्झबर्गर हा लोकप्रतिनिधी होता, सेनापती नव्हे. लढाई फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर थांबली, बर्लिनच्या लोकांनी शत्रूचे सैन्य पाहिलेच नाही, आणि वर्षभराने माजी सरसेनापती हिंडेनबुर्ग याने चौकशी समितीपुढे सांगून टाकले की, सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. एर्झबर्गर याचा ऑगस्ट १९२१ मध्ये खून झाला. पराभव झालाच नव्हता, असे मानणाऱ्या देशाला कोणताही तह अन्यायाचाच वाटला असता, मग तो व्हर्सायचा असो की आणखी कोठला.

आणखी एक. १९१८ हे 'शेवट' म्हणून लिहिण्याची सवय सोडावी. पोलंड आणि सोव्हिएत रशिया यांचे युद्ध १९२१ पर्यंत चालले, ग्रीस आणि तुर्कस्तान १९२२ पर्यंत लढत राहिले, आणि ऑटोमन साम्राज्यावर १९२० मध्ये लादलेला सेव्हर्सचा तह तुर्कांनी रणांगणावर धुडकावून १९२३ मध्ये लोझानला नवा तह मिळवला. पराभूताने विजेत्यांचा तह बदलून घेतल्याचे हे एकच उदाहरण आहे. व्हर्सायइतकीच त्याचीही चर्चा व्हायला हवी.

प्रश्न : मृतांचे आकडे प्रत्येक पुस्तकात वेगळे का असतात? आणि १९१८ ची फ्लूची साथ परिणामांत धरायची का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. काही आकडे फक्त मृत सैनिकांचे असतात, तर काहींत जखमी, बेपत्ता आणि कैदीही मोजलेले असतात. वर सोमच्या पहिल्या दिवसाचे दोन्ही आकडे त्यासाठीच दिले. मृत सैनिकांची संख्या साधारणपणे नव्वद लाख ते एक कोटी धरली जाते. नागरिकांच्या मृत्यूंचा अंदाज करताना उपासमारीने किती गेले आणि रोगाने किती, हे वेगळे काढणे कठीण असते, त्यामुळे तेथे तफावत वाढते. आकडा उतरवून घेताना त्यात कोणाकोणाला मोजले आहे, हे शेजारी लिहून ठेवावे.

फ्लूचा विषाणू युद्धाने निर्माण केला नाही. परंतु खच्चून भरलेल्या छावण्या, सैनिकांनी भरलेली जहाजे आणि घरी परतणाऱ्या पलटणी यांमुळे तो ज्या वेगाने पसरला, तो वेग युद्धाचा होता. लढणाऱ्या देशांत वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्याने साथीच्या बातम्या दबल्या, आणि तटस्थ स्पेनमध्ये त्या मोकळेपणाने छापल्या गेल्या म्हणून साथीला स्पेनचे नाव चिकटले. भारतात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे दगावल्याचे अंदाज आहेत, म्हणजे सर्व आघाड्यांवर मिळून पडलेल्या सैनिकांहूनही अधिक. ही साथ परिणामांत जरूर धरावी, मात्र 'युद्धामुळे झालेले' आणि 'युद्धामुळे वाढलेले' असे दोन वेगळे रकाने करून ती दुसऱ्यात टाकावी. स्त्रियांच्या मताधिकाराची नोंदही मी त्याच रकान्यात करीन, कारण त्याची चळवळ १९१४ च्या कितीतरी आधीपासून चालू होती.